उभ्या गाडीचा दिवा

मंडळी, आमच्या चंद्रपूरच्या कुठल्याही चौकात चार गाडीवाल्यांना विचारा, "भाऊ, पार्किंग लाइट लावून दाखवता का?" चौघेही लाल त्रिकोणाचे एकच बटण दाबतील आणि गाडीचे चारही कोपरे टिकटिक करत उघडझाप करू लागतील. आपल्याकडे यालाच 'पार्किंग' म्हणतात. पाऊस आला की पार्किंग लावायचे, धुके पडले की लावायचे, वरातीत लावायचे, चौकातून सरळ जायचे असले तरी लावायचे!

खरे म्हणजे त्या उघडझापीचे नाव 'हॅझार्ड लाइट'. धोक्याचा इशारा. गाडी भलत्याच जागी बंद पडली, तर मागच्याला सावध करण्यासाठी तो असतो. पार्किंग लाइट हा निराळा दिवा आहे. तो डोळे मिचकावत नाही. समोर बारीक पांढरा आणि मागे बारीक लाल असा तो शांतपणे जळत असतो. एकाचे नाव दुसऱ्याला चिकटले आणि खरा धनी विस्मरणात गेला. आपल्या जंगलातल्या रस्त्यांना ज्या दिव्याची सर्वांत जास्त गरज, तोच हा दिवा. म्हणून आज त्याच्याविषयी थोडे बोलू या.

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही कला शाखेतून. यंत्रविद्येशी माझा संबंध एवढाच, की एका मिस्त्री मित्राच्या गॅरेजात संध्याकाळी चहाला बसायची मला सवय आहे. तिथेच हा विषय पहिल्यांदा कानावर आला. आमच्या ओळखीचे एक गुरुजी नुकतीच घेतलेली जुनी स्कोडा घेऊन आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "वायरिंग गेली वाट्टे. किल्ली माझ्या हातात, इंजिन बंद, तरी उजवीकडचा दिवा विझत नाही. डावा बंद, उजवा चालू. गाडी एका डोळ्याने पाहून राहिली!"

मिस्त्रींनी दार उघडले, स्टिअरिंगजवळचा इंडिकेटरचा दांडा मधोमध आणला. दिवा गेला. म्हणाले, "वायरिंग चांगली आहे गुरुजी. दांडा तेवढा उजवीकडे राहिला होता."

"पण किल्ली काढल्यावर इंडिकेटर कसा लागेल?"

"तो इंडिकेटर नाही जी. तो पार्किंग लाइट आहे."

गुरुजींनी पुढचा प्रश्न विचारला तो शिक्षकाला शोभणारा होता. "मग एकाच बाजूला काहून? आणि उभ्या गाडीला दिवा पाहिजे कशाला?"

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची तर युरोपातल्या गल्ल्यांत जावे लागते. तिथली जुनी गावे मोटारीच्या आधी वसलेली. रस्ते अरुंद, घरे रस्त्याला खेटून, गाडी ठेवायला अंगण नाही. मोटारी आल्या त्या रात्री रस्त्यावरच उभ्या राहू लागल्या. रस्त्यावर उजेड असला तर प्रश्न नाही. नसला, तर काळोखात उभी असलेली काळी मोटार म्हणजे रस्त्यात ठेवलेला दगडच. म्हणून उभ्या गाडीनेही दिवा लावावा, असा दंडक तिकडे आला.

पण रात्रभर दिवे जळत ठेवले तर सकाळी बॅटरी मान टाकणार. इथे थोडे गणित करू. गाडीचा लहान दिवा साधारण ५ वॅटचा असतो. पुढे दोन, मागे दोन आणि नंबर प्लेटचा एक धरला, तर २५ वॅट झाले. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी ताशी दोन अँपिअर-तासांहून थोडी जास्त वीज जाते. दहा तासांच्या रात्रीत वीस-एकवीस अँपिअर-तास संपले. लहान मोटारीची बॅटरी चाळीस-पंचेचाळीस अँपिअर-तासांची धरली, तर निम्मी रिकामी. थंडीच्या दिवसांत अशी गाडी सकाळी धक्का मागते.

आता विचार करा. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीची एक बाजू भिंतीकडे किंवा गटाराकडे असते. त्या बाजूने कोण येणार? येणारा येतो तो दुसऱ्या बाजूने. मग त्याच बाजूचे दोन दिवे लावले तर? पुढचा एक पांढरा, मागचा एक लाल. दहा वॅटमध्ये काम भागले. दहा तासांत आठ-साडेआठ अँपिअर-तास. सकाळी गाडी बिनतक्रार सुरू. गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे काटकसरीचे आहे.

१९५०च्या दशकातल्या काही जर्मन मोटारींना यासाठी वेगळाच लहानसा दिवा असे. दोन दारांमधल्या खांबावर तो बसवलेला असायचा, समोरून पांढरा दिसणारा आणि मागून लाल. पुढे ते काम पुढच्या-मागच्या नेहमीच्या दिव्यांतल्या बल्बांकडेच आले, आणि त्याचे बटण म्हणून इंडिकेटरचा दांडा वापरला जाऊ लागला. इंजिन बंद करा, किल्ली काढा, दांडा ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूचे दिवे लागतील. जर्मनीत वाहने उजवीकडून चालतात, गाडी उजव्या कडेला लागते, म्हणून तिथे डावा दिवा लावायचा. आपल्याकडे उलटे. आपली गाडी डाव्या कडेला, म्हणून दिवा उजवा. औरंगाबादजवळ शेंद्रा इथे २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाला, पुढे २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा आला. या गाड्यांबरोबर ही सोयही आपल्या अंगणात आली. फक्त ती कशासाठी आहे, हे सांगणारे कुणी बरोबर आले नाही. म्हणून गुरुजींना वायरिंगचा संशय आला.

जर्मनीच्या वाहतूक नियमांत याविषयी स्पष्ट लिहिले आहे. वस्तीबाहेर थांबलेल्या गाडीला स्वतःचा दिवा हवा. वस्तीत असाल, तर रस्त्याकडच्या बाजूचा पार्किंग लाइट पुरे. आणि रस्त्यावरच्या खांबाचा उजेड गाडीवर पुरेसा पडत असेल, तर तोही नको. पण खांबावरचा दिवा मध्यरात्री विझत असेल तर? त्याचीही तरतूद आहे. असे खांब ओळखू यावेत म्हणून त्यांच्या कमरेला तांबडा पट्टा असतो, वर-खाली पांढरी किनार. त्याचा अर्थ, हा दिवा रात्रभर जळणार नाही. काही पट्ट्यांवर तो किती वाजता विझेल तेही लिहिलेले असते. गाडी लावणाऱ्याने पट्टा पाहावा आणि आपला दिवा लावावा. मला ही गोष्ट फार आवडली. खांबसुद्धा आधीच सांगून ठेवतो, की माझ्या भरवशावर राहू नका!

साडेतीन टनांहून जड मालवाहू गाड्या आणि सुटे ट्रेलर यांना तिथे वस्तीतही सूट नाही. रस्त्यावर उभे करायचे तर स्वतःचा दिवा हवा, नाहीतर मंजूर केलेली चमकती लाल-पांढरी पाटी. एका बाजूच्या दिव्याची सवलत लहान गाड्यांपुरती. सहा मीटरपेक्षा लांब किंवा दोन मीटरपेक्षा रुंद वाहनाला ती नाही.

इंग्लंडमध्ये हिशेब वेगाचा आहे. ज्या रस्त्यावर ताशी ३० मैलांपेक्षा, म्हणजे ४८ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाची मुभा आहे, तिथे रात्री उभ्या गाडीला पार्किंग लाइट लावलाच पाहिजे. शिवाय ठरलेला वाहनतळ सोडला, तर रात्री गाडी वाहतुकीच्या उलट तोंडाने उभी करायची नाही. कारण साधे आहे. लाल परावर्तक, म्हणजे रिफ्लेक्टर, गाडीच्या पाठीला असतात. उलट्या तोंडाने गाडी उभी केली, तर येणाऱ्याला ते दिसणारच नाहीत.

आता कुणी म्हणेल, कवीमहाशय, जर्मनी-इंग्लंडच्या गोष्टी तिकडे ठेवा. इथे त्यांचे काय?

इथेच तर सगळे आहे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाचा. आष्टीहून आलापल्लीला जा, नाहीतर मूलहून चंद्रपूरला या. गाव मागे पडले, की खांब नाही, उजेड नाही. दोन्ही बाजूंना साग, ऐन, बांबू. अमावस्या असली तर झाडे आणि रस्ता एकाच रंगाचे होतात. अशा रस्त्यावर रात्री कोण कोण उभे असते, ते आठवा. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा भागातले कोळशाचे ट्रक. सुरजागडच्या खाणीचे लोहखनिज वाहणारे ट्रक. धानाची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, जिचा टायर नेमका रात्रीच बसतो. कोळशाच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर काळी पूड बसलेली असते, खनिजाच्या गाडीच्या दिव्यावर तांबडी. ट्रॉलीला तर दिवाच नसतो. ट्रॅक्टरपासून मागे वायर ओढायची कुणी तसदी घेतलेली नसते.

आणि या वाहनांमागून येतो तो बहुधा मोटारसायकलवर. त्याला काय दिसते? डिपरवर असलेल्या हेडलाइटच्या उजेडात एखादी काळपट, धुळकट वस्तू साधारण तीस-चाळीस मीटरवर आली म्हणजे डोळ्यांना कळते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही आहे हे मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. पंचवीस मीटर तिथेच गेले. ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी वीस-बावीस मीटर. बेरीज पंचेचाळीसच्या पुढे. म्हणजे दिसले तेव्हाच उशीर झालेला असतो. मोटारसायकलवाला दारू प्यालेला नसतो, झोपेत नसतो, बेदरकार नसतो. फक्त अंतर त्याच्या बाजूने नसते. समोरून एखादी गाडी डोळ्यांवर प्रखर उजेड मारत आली, तर ते तीस मीटरही उरत नाहीत.

त्याच जागी उभ्या वाहनाला ५ वॅटचा एक लाल बल्ब असता, तर तो सरळ रस्त्यावर काही शे मीटरवरून दिसला असता. मोठ्या हेडलाइटने जे साधत नाही ते या चिमुकल्या दिव्याने साधते. कारण हेडलाइटचा उजेड जाऊन, वस्तूवर आपटून परत यावा लागतो. लाल बल्बाचा उजेड निघतो तो थेट येणाऱ्याच्या डोळ्यांकडे.

गाडी बंद पडली म्हणजे आपल्याकडचा उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. बाजूच्या झाडाची फांदी तोडायची, गाडीच्या मागे रस्त्यावर टाकायची, तिच्याभोवती चार दगड मांडायचे. दिवसा हे चालून जाते. हिरवी पाने लांबून दिसतात. पण रात्री हिरवा रंग काळा होतो. आणि गाडी दुरुस्त होऊन निघून गेली, तरी दगड तिथेच राहतात. एका अडथळ्याचे दोन अडथळे होतात.

२०११ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचे माहेर. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटे संपते. पंचक्रोशीतली माणसे बंड्यांनी, ट्रॅक्टरने, मोटारसायकलींनी येतात. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान असलेला माझा एक मित्र होता. कविता करायचा, नाटकात पदे म्हणायचा. ब्रह्मपुरीकडच्या एका गावातले नाटक आटोपून तो पहाटे मोटारसायकलने निघाला. धानाच्या बांध्यांवर धुके उतरले होते. वाटेत टायर फुटलेली एक ट्रॉली उभी होती. दिवा नव्हता. मित्र जागीच गेला. मागे बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

तिसऱ्या दिवशी ट्रॉलीचा मालक घरी आला. साधा शेतकरी. दारातच खाली बसला. रडत रडत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी फांदी ठेवली होती जी. मोठी फांदी ठेवली होती." त्याच्यावर रागवावे असे त्या घरात कुणालाच वाटले नाही. बापापासून जे पाहिले ते त्याने केले होते. फांदी ठेवणे म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे आपण सगळेच समजत आलो.

अशी मरणे मोजली जातात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. त्या अहवालात 'उभ्या वाहनाला धडक' असा एक स्वतंत्र प्रकारच आहे. चालत्या वाहनाने चालत्या वाहनाला धडकावे हे समजू शकते. पण जे हललेच नाही त्याच्यावर माणसाने जाऊन मरावे, यात टाळता येण्यासारखे किती आहे!

कायदा नाही असे समजू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यातला १०९ क्रमांकाचा नियम पार्किंग लाइटचाच आहे. मोटारसायकलसारखी काही वाहने सोडली, तर प्रत्येक मोटार वाहनाला पुढे दोन्ही बाजूंना एकेक पांढरा किंवा पिवळसर आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक लाल पार्किंग लाइट हवा, आणि वाहन रस्त्यावर उभे असतानाही तो जळत राहिला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या गाड्यांना हे दिवे असतातही. हेडलाइटच्या कुशीत जो लहान बल्ब असतो, ज्याला मिस्त्री 'पायलट' म्हणतात, तो आणि मागचा लाल टेललाइट. दांड्याची युक्ती नसेना का, दिव्याचे बटण एक घर फिरवले की दोन्ही लागतात. म्हणजे दिवा आहे, नियम आहे. फक्त लावणारा हात नाही.

पूर्वी तो हात होता. माझ्या लहानपणी धानाच्या, लाकडांच्या बंड्या रात्री रांगेने चालत. प्रत्येक बंडीच्या आसाखाली एक कंदील टांगलेला असायचा. बंडीवाला वर घोंगडी पांघरून झोपलेला, बैल आपल्या माहितीच्या वाटेने चाललेले. मी एकदा अब्बांना विचारले, "बंडीवाला तर झोपला आहे. मग हा कंदील कुणासाठी?" अब्बा म्हणाले, "येणाऱ्यासाठी." बंडी रस्त्याच्या कडेला सोडून बैलांना पाणी दाखवायला नेले, तरी कंदील जळतच असे. घरात रॉकेल मोजून वापरणारी ती माणसे. पण त्या कंदिलात कुणी काटकसर केल्याचे मला आठवत नाही.

आमच्या जंगलाला हे शिकवावे लागत नाही. रात्री हेडलाइटच्या उजेडात चितळाचे डोळे चमकतात ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, तो आलेला उजेड परत फेकतो. रस्त्यावर बसवतात त्या 'कॅट्स आय'ची कल्पना इंग्लंडच्या पर्सी शॉ याने १९३४ साली पुढे आणली, ती याच तत्त्वावर. रिफ्लेक्टरही तसाच. तुमचा उजेड त्याच्यावर पडला तर तो दिसेल. धुके असले, धूळ बसली, हेडलाइट मंद असला, तर तो मुका. काजव्याचे तसे नाही. तो आपला उजेड आपण बाळगतो. त्या उजेडात काजव्याला वाट शोधायची नसते. आपण इथे आहोत, एवढेच दुसऱ्याला कळवायचे असते. रिफ्लेक्टर म्हणजे चितळाचा डोळा आणि पार्किंग लाइट म्हणजे काजवा. आपल्या रस्त्यांना दोन्ही हवेत.

तेव्हा मंडळी, करायचे काय ते अवघड नाही. गाडी थांबवायचीच तर आधी डांबर सोडून खाली घ्या. पूर्ण खाली घेता आली नाही, तर लहान दिवे चालू ठेवा. एका बाजूची सोय असेल, तर रस्त्याकडची बाजू लावा. पण ती सोय लहान मोटारीपुरती आणि सरळ उभ्या गाडीपुरती. गाडी अधेमधे बंद पडली, तर ती उघडझाप करणारे चारही दिवे लावा आणि चमकता लाल त्रिकोण बरेच अंतर मागे नेऊन ठेवा. ट्रकवाल्यांनी दिवसातून एकदा मागच्या दिव्यांवरून ओले फडके फिरवावे. ट्रॉलीला ट्रॅक्टरपासून वायर ओढून दोन लाल बल्ब लावून घ्यावेत, आणि पाठीवर चमकती लाल पट्टी चिकटवावी. ट्रॉलीच्या एका टायरच्या मानाने हा खर्च काहीच नाही. आणि दगड ठेवलेच, तर निघताना उचलून बाजूला टाकावेत.

आणखी एक विनंती झाडीपट्टीतल्या नाट्यमंडळांना. पडदा उघडण्यापूर्वी तुम्ही माइकवरून बऱ्याच सूचना देता. हरवलेल्या मुलाची, सापडलेल्या चपलेची, देणगीदारांच्या नावांची. त्यांत दोनच वाक्यांची भर घाला. रस्त्यावर उभ्या केलेल्या वाहनांनी मैदानात यावे. आणि परत जाताना ज्याच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, त्याने उजाडेपर्यंत इथेच थांबावे, चहा मंडळातर्फे मिळेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)